झेडपीच्या शाळेतलं दुपारचं जेवण: एका आईचा रिव्ह्यू

आधी जेवणाबद्दल सांगते, योजनेबद्दल नंतर.

मूगडाळीची खिचडी उत्तम. मऊ, वरून कोथिंबीर, हळद बेताची, आणि गरम. चवळीची खिचडी त्याहून चांगली, कारण चवळी रात्री भिजवलेली असते आणि ती नीट शिजते. मटकीची उसळ आणि भात असेल त्या दिवशी मोठ्या वर्गातली मुलं दुसऱ्यांदा उसळ मागतात. वरणभात मात्र वारावर आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वरणात दुधी नाहीतर शेवगा असतो, टोमॅटो असतो. आठवडा सरत आला की तेच वरण पातळ होतं आणि त्यात बटाट्याशिवाय काही सापडत नाही. मसालेभाताला तेल कमी पडतं, त्यामुळे तो जरा कोरडा लागतो. तरी पाणी पीत पीत लेकरं तोही संपवतात.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात शिलाईकाम करते. मुलगी चौथीत, मुलगा सातवीत, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळा व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. चव घ्यायची पाळी माझी असते तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या मावशी वाटीत थोडं काढून देतात, मी खाते, रजिस्टरला सही करते, आणि नंतर लेकरांच्या पंगतीत बसून पूर्ण ताट जेवते. एक घास खाऊन चव कळते, पण पोट भरतं का हे कळायला ताटच जेवावं लागतं. भरतं. पाचवीपर्यंतच्या लेकराला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल हे ठरलेलं प्रमाण आहे. सहावी ते आठवीला याच्या दीडपट. त्यातून लहानांना ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, मोठ्यांना ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असा हिशेब आहे. आमचा पट नव्वदच्या आसपास, म्हणजे रोज दहा किलोच्या वर तांदूळ शिजतो. तो निवडायला मावशी सकाळी दहालाच येऊन बसतात. आळ्या, खडे, किडे सगळं काढतात, मग तीन पाण्यांनी धुतात. या कामात त्यांचे हात कसे चालतात ते एकदा जाऊन बघावं. परातीत तांदूळ पसरायचा, डाव्या हाताने पुढे सारायचा, उजव्या हाताने वेचायचं. गप्पा मारताना मान वर होत नाही. पावसाळ्यात पोतं दमट येतं, तेव्हा अंगणात चादरीवर ऊन देऊनच ते वापरतात. असं करा म्हणून त्यांना कुणी लेखी सांगितलेलं नाही.

तांदळाबद्दल एक गोष्ट इथेच स्पष्ट करते, कारण आमच्या गावात यावरून बराच गोंधळ झाला. धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगाला किंचित पिवळट असतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ आलाय’ म्हणून बायका शाळेत आल्या होत्या. तो प्लास्टिकचा नाही. तांदळाचंच पीठ करून त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घालून पुन्हा दाण्याचा आकार दिलेला असतो, आणि साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांत असा एक मिसळतात. तो काढून टाकायचा नाही. पालक सभेत आम्ही मूठभर दाणे वेगळे शिजवून सगळ्यांसमोर चुरडून दाखवले, तेव्हा कुठे बायका शांत झाल्या.

आता योजनेकडे येते.

सरकारच्या ज्या ज्या सोयी माझ्या आणि शेजारपाजारच्या लेकरांसाठी आम्ही वापरल्या, त्यांत हे दुपारचं जेवण मी पहिल्या नंबरला ठेवते. कारण एकच. जेवायला बसायला कागद लागत नाही. उत्पन्नाचा दाखला नाही, जातीचा नाही, रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही, बँकेचं खातं नको, मोबाइलवर ओटीपी यायची वाट बघायची नाही. लेकरू त्या दिवशी शाळेत आलं की ताट घेऊन रांगेत बसायचं. झालं.

तिसरीतल्या एका मुलाचं उदाहरण सांगते म्हणजे फरक कळेल. त्याचे वडील वारले. आई दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाते आणि उन्हाळ्यात परत येते. तो आजीजवळ राहतो. आजीला डोळ्यांनी कमी दिसतं. त्याच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. पूर्वी ही रक्कम फार कमी होती, २०२३ मध्ये वाढवली, आणि माझ्या मते राज्यात मुलांसाठी निघालेल्या चांगल्या निर्णयांत तो मोजला पाहिजे. पण तो पैसा आजीच्या हातात पडेपर्यंतची वाट फार लांबची. अर्ज, शाळेचा बोनाफाईड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, घरी येऊन चौकशी, मग जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर लेकराला घेऊन जायचं. मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एका तऱ्हेने लिहिलेलं आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, म्हणून फाईल एका कार्यालयात अडकली. प्रत्येक हेलपाट्याला आजीबरोबर एक सोबती लागतो, दोघींचं भाडं जातं, सोबत गेलेल्या बाईचा रोजगार बुडतो. या सगळ्या काळात त्या मुलाला रोज दुपारी हमखास मिळालं ते शाळेतलं ताट. वडील गेले त्या महिन्यातही मिळालं, आई गावात नव्हती तेव्हाही मिळालं. कुणाला काही सिद्ध करून दाखवावं लागलं नाही.

रोख मदत नकोच, असं माझं म्हणणं नाही. लेक लाडकी योजनेत पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळणार आहेत. १ एप्रिल २०२३ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलींना ती लागू आहे. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड होणाऱ्याला नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. आमच्या शाळेतली पोरं त्यासाठी सुट्टीतही येऊन अभ्यास करतात. या सगळ्या योजना हव्यातच. पण त्यांची दारं अरुंद आहेत, आणि जी घरं सगळ्यांत अडचणीत असतात त्यांनाच त्या दारातून जाता येत नाही. ज्याच्या घरी शिकलेलं, शहरात ओळख असलेलं कुणी आहे त्याचा अर्ज आधी पूर्ण होतो. जेवणाच्या पंगतीत असं होत नाही. उलट जो सगळ्यांत उपाशी, तो सगळ्यांत आधी ताट घासून येतो. सोमवारी पातेलं लवकर रिकामं होतं, असं मावशी सांगतात. रविवारी शाळा नसते.

आणि पंगत एकच असते. सरपंचाची नात आणि पारधी वस्तीवरचा मुलगा मांडीला मांडी लावून बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं होतं की स्वयंपाकाच्या कामावर घेताना दलित आणि आदिवासी बायकांना प्राधान्य द्या. आमच्या दोन मावश्यांपैकी एक बौद्धवाड्यातल्या आहेत. सुरुवातीला एका घराने आपल्या लेकराला डबा द्यायला सुरुवात केली होती. मुख्याध्यापक त्या घरी गेले, वाद न घालता बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः त्याच मावशींच्या हातचं लेकरांबरोबर बसून खाऊ लागले. काही दिवसांनी तो डबा बंद झाला. पंचायतीच्या भिंतीवर समतेचे सुविचार लिहिलेत, त्यांच्यापेक्षा हे मला मोठं काम वाटतं.

माझ्या लहानपणी शाळेत शिजवलेलं जेवण नव्हतं. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा आमच्याकडे महिन्याला माणशी तीन किलो तांदूळ वाटायचे, हजेरी ८० टक्के भरली तरच. मी आणि माझा भाऊ पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचो. तो तांदूळ घरी यायचा आणि घरच्या डब्यात पडायचा. घरात आम्ही सात माणसं. आईने तो चार दिवस पुरवला तरी खूप. त्यातला काही सणासाठी बांधून ठेवायची, एखाद्या वेळी उसनवारी फेडायला जायचा. लेकरांसाठी आलेला तांदूळ म्हणून आमच्या ताटात वेगळं काही वाढलं गेलं नाही, आणि त्यात आईची काही चूक नव्हती. गरिबाच्या घरात जिन्नस कुणा एकाचा राहत नाही. बाई म्हणून मला हेही माहीत आहे की आधी कमावत्या माणसांचं ताट भरतं, मग मुलांचं, शेवटी मुलींचं आणि आईचं.

शिजवलेल्या जेवणाने नेमकी हीच अडचण सोडवली. ते शाळेतच खायचं असतं, म्हणून ज्याच्या नावाने आलं त्याच्याच पोटात जातं. हे आपोआप झालेलं नाही. २००१ साली राजस्थानात दुष्काळ होता, सरकारी गोदामांत धान्य भरून पडलं होतं आणि माणसं उपाशी होती. तेव्हा पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने आदेश दिला की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, वर्षातले किमान २०० दिवस द्या. कच्चा तांदूळ वाटून भागणार नाही, हे त्यात आलंच. तमिळनाडूने हे फार आधी ओळखलं होतं. तिथले मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेत जेवण सुरू केलं, पुढचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी १९८२ मध्ये ते सगळ्या राज्यभर वाढवलं. तेव्हा तज्ज्ञ मंडळी म्हणत होती की एवढा पैसा कुठून आणणार. आता त्या राज्याकडे बघा.

याचा उपयोग किती होतो, यावर अभ्यासही झालेत. त्यातले दोन मला महत्त्वाचे वाटतात. एक आंध्र प्रदेशातला. दुष्काळात ज्या लहान लेकरांची वाढ खुंटली होती, त्यांना पुढे शाळेतलं जेवण मिळालं तेव्हा वजन आणि उंचीत पडलेली ती तूट भरून निघाल्याचं त्यात दिसलं. आमच्या मराठवाड्यात दर काही वर्षांनी दुष्काळ येतो, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. दुसरा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलींनी शाळेत असताना हे जेवण जेवलं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या लेकरांची उंची वयाच्या मानाने जास्त भरली. म्हणजे आज माझी मुलगी पंगतीत जे खाते त्याचा हिशेब तिच्या लेकरापर्यंत जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या लेकरांपैकी ३५.२ टक्के खुजी निघाली. शंभरात पस्तीस. अशा राज्यात दुपारच्या जेवणाला कुणी ‘फुकटची खिचडी’ म्हटलं की मला राग येतो.

आता जिथे मार्क कापावे लागतात तिथे येते.

पहिला मुद्दा अंड्याचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. शाळेत अंडं आलं तो दिवस मी पाहिला आहे. पहिलीतल्या एका मुलीने पांढरं आधी सगळं खाल्लं, पिवळं तळहातावर धरून ठेवलं आणि घरी धाकट्या भावाला न्यायचं म्हणून मुठीत घेऊन निघाली. बाईंनी तिला अडवलं, खाऊन घे म्हणाल्या, आणि भावासाठी दुसरं दिलं. त्या दिवसांत हजेरीपट नुसता बघितला तरी अंड्याचा वार कोणता ते कळायचं. आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्याचा खर्च देणं थांबवलं. अंडा पुलाव, नाचणी सत्त्व, गोड खिचडी हवी असेल तर शाळेने लोकसहभागातून करावी, असं सांगितलं. आम्ही केली वर्गणी. दूध डेअरीवाल्याने पैसे दिले, पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने दिले, आणि काही आठवडे अंडी चालली. पण ज्या गावात वर्गणी देणारे आहेत तिथल्या लेकरांना अंडं आणि ज्या वस्तीत सगळेच मजुरी करतात तिथे काही नाही, हा कुठला न्याय? ज्यांना त्याची सगळ्यांत जास्त गरज तेच सुटतात. तमिळनाडूत आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं. महाराष्ट्र काही गरीब राज्य नाही. आठवड्याला एक अंडं, माणशी पाच रुपये धरले होते, तेवढं परत सुरू करा. ही मागणी मी समितीच्या सभेतही केली आहे आणि इथेही करते.

दुसरा मुद्दा मावश्यांचा. सकाळी दहा ते दुपारी तीन, त्यात निवडणं, शिजवणं, वाढणं, भांडी, स्वयंपाकखोली धुणं. मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. शेतात खुरपायला गेल्या तर चार-पाच दिवसांचा रोजगारच याच्या निम्म्यापर्यंत जातो. तरी त्या येतात. एक विधवा आहेत, सावलीतलं आणि गावातलं काम म्हणून धरून आहेत. लेकरांना गरिबीतून वर काढायची योजना ज्यांच्या हातांनी चालते, त्या बायकांच्या स्वतःच्या लेकरांना त्या पैशात काय मिळणार? मावशींच्या मुलाने दहावीनंतर शाळा सोडली आणि तो टेम्पोवर जातो. हे मी त्यांना विचारून लिहिते आहे.

तिसरा मुद्दा पैशांच्या उशिराचा. तांदूळ, डाळी, तेल, मसाला पुरवठादाराकडून येतो. भाजीपाला आणि सरपण-गॅसचे पैसे शाळेच्या खात्यावर यायचे असतात. ते वेळेवर येत नाहीत. मुख्याध्यापक किराणा दुकानात उधारी ठेवतात, भाजीवालीला स्वतःच्या खिशातून देतात, आणि महिन्यांनी पैसे आले की वजा करून घेतात. वरण आठवडाअखेर पातळ का होतं, त्याचं उत्तर इथे आहे. मे २०२५ पासून तांदूळ सोडून बाकी जिन्नस आणि इंधनाला पाचवीपर्यंत माणशी रोजचे ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे धरलेत. आमच्या एसटी स्टँडवर चहा दहा रुपयांना आहे. इतक्या पैशात डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन बसवायचं, त्यातही ते उशिरा द्यायचे, आणि वर रोजच्या रोज किती लेकरं जेवली ते मोबाइलच्या अ‍ॅपवर भरायचं. शिक्षकांची चिडचिड होते ती मला समजते. शिकवायला आलेल्या माणसाला टोमॅटोचा भाव का माहीत असावा लागतो, असं ते विचारतात. हिशेब आणि खरेदीला वेगळा माणूस द्यावा, गावातल्याच बचत गटाच्या बाईला द्यावा, असं मला वाटतं.

सुट्ट्यांचंही बघायला हवं. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं आहे. राज्याने दुष्काळाच्या वर्षी तशी सोय केलीही आहे. पण त्यासाठी आधी तालुका दुष्काळी जाहीर व्हावा लागतो, आणि लेकराची भूक जाहीर व्हायची वाट बघत नाही.

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा, आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. हे जेवण आठवीला संपतं. आमच्या गावातली शाळाही आठवीपर्यंत. नववीला मुली एसटीने शेजारच्या मोठ्या गावातल्या हायस्कूलला जातात. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास मोफत आहे, ती सोय फार चांगली, त्यामुळे जाणंयेणं फुकटात होतं. पण सकाळी आठला घर सोडलेली मुलगी संध्याकाळी सहाला परत येते, आणि आई पहाटेच शेतावर गेली असेल तर डबा नसतो. मधल्या सुट्टीत पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा आणि नळाचं पाणी. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, अंगात रक्त कमी, पाळी सुरू झालेली, आणि नेमकं त्याच वयात सरकारचं ताट काढून घेतलं जातं. मग ती दमते, पोट दुखतं म्हणून घरी राहते, हजेरी घसरते, आणि घरात कुणीतरी म्हणतं की शाळेत लक्ष नाही तर स्थळं बघा. वर सांगितलेल्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं निघालं. नुसत्या जेवणाने बालविवाह थांबतील असं मी म्हणत नाही. पण मुलगी रोज शाळेत दिसावी, बाईंच्या नजरेसमोर राहावी, यासाठी दुपारचं ताट किती कामाचं आहे ते मी आठ वर्गांत बघते आहे. नववी-दहावीत ते का नसावं? इमारत आहे, मावश्या मिळतील, आठवीचा वर्ग असलेल्या हायस्कूलमध्ये तर चूलही पेटलेलीच असते. त्याच आवारात आठवीतली मुलगी जेवते आणि नववीतली तिची बहीण बाजूला बसून बघते.

ज्यांची लेकरं सरकारी किंवा अनुदानित शाळेत आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुमच्या शाळेत ती यादी भिंतीवर लावलेली असते, बघा. सदस्य नसलात तरी दुपारी जाऊन लेकरांबरोबर बसायला कुणी अडवत नाही, आम्ही तर बोलावतो. गेलात की आधी स्वयंपाकखोलीत जा. तांदळाचं पोतं जमिनीवर आहे की फळीवर, तेलाचं पाकीट फोडलेलं उघडं आहे की डब्यात, पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली, ते बघा. चव रजिस्टर मागा. सगळ्या सह्या एकाच दिवशी एकाच पेनाने केलेल्या दिसल्या तर विचारा. ही कागदोपत्री औपचारिकता नाही. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. मोठ्या माणसाने आधी खायचं, मग अर्धा तास थांबून मुलांना वाढायचं, हा नियम लेकरांच्या जिवासाठी आहे. आणि तक्रार करायची ती मावशींवर ओरडून करू नका. त्यांच्या हातात जे येतं तेच त्या शिजवतात. लेखी लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या.

वाढदिवसाला गावजेवण घालण्यापेक्षा त्या दिवशी शाळेच्या पंगतीला काही गोड किंवा फळं द्यायची पद्धत आमच्याकडे रुळली आहे. नेहमीचं जेवण असतंच, वर हे. द्यायचं असेल तर केळी किंवा अंडी द्या, केक नको.

मार्क द्यायचेच तर: चवीला दहापैकी सात, पोट भरण्याला नऊ, स्वच्छतेला आमच्या शाळेपुरते आठ, मावश्यांना दहा. सरकारला पैसे वेळेवर देण्याचे तीन. सगळ्यांना एका पंगतीत बसवण्याचे दहा.

समितीची पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. नववी आणि दहावीच्या मुलामुलींना दुपारचं जेवण मिळावं, असा ठराव मी मांडणार आहे. ठराव साधा आहे, चार ओळींचा. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल, तिथून पुढे. तुमच्या गावच्या समितीलाही तो मांडता येईल. कुणाला मजकूर हवा असेल तर मी देते.